जुनें विमान आणि त्याच्या वरचें आकाश

जुन्या वस्तूंविषयीं सदाशिव पेठेचें स्वतःचें असें एक धर्मशास्त्र आहे. वस्तु जुनी झाली म्हणून टाकून द्यावी, हा विचार आमच्या पेठेंत उधळेपणाचा समजला जातो. आणि ती अजून काम देते एवढें म्हटलें कीं तिच्या विरुद्धचा सारा युक्तिवाद संपला, असें मानण्याचा आमच्याकडे प्रघात आहे. वाडे गेले, त्यांच्या जागीं लिफ्टच्या इमारती आल्या. परंतु त्या इमारतींच्या तळमजल्यावर पाहावें, तों जिची बनावट बंद होऊन कित्येक वर्षें लोटलीं अशी बजाजची एखादी स्कूटर अजूनहि उभी असते. सकाळीं तिचा मालक तिला एका अंगावर कलती करतो, मग सरळ करतो, चार-पांच लाथा मारतो, आणि ती खोकत खोकत चालू झाली कीं नव्या गाडीच्या मालकाकडे विजयी मुद्रेनें पाहतो. तिचा एखादा भाग निकामी झाला तर बुधवारीं किंवा रविवारीं जुन्या बाजारांत फेरी मारावयाची. तेथें दुसऱ्या कोणाच्या तरी मेलेल्या स्कूटरचा तोच भाग हटकून मिळतो. एकीच्या अस्थींवर दुसरीचें आयुष्य वाढविण्याची ही विद्या आम्हां पुणेकरांस उपजतच येते.

ही काटकसर आम्हांस प्रिय आहे. तिची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु हीच नीति घराच्या उंबऱ्यापलीकडे, थेट रणांगणापर्यंत नेतां येईल काय, हा प्रश्न अलीकडे आमच्या मनांत वारंवार येऊं लागला आहे. लोहगांवच्या तळावरून उडालेल्या विमानांचा गडगडाट आमच्या पेठेपर्यंत ऐकूं येतो. सुखोई-३० एमकेआय जातीचीं विमानें २००२ सालीं विमानदलांत प्रथम दाखल झालीं तीं याच तळावर; त्यांचा पुणेकरांस अभिमान वाटतो आणि तो वाजवीहि आहे. पण नव्या विमानांचें कौतुक करणारे पुष्कळ आहेत. आम्हांस विचार करावयाचा आहे तो जुन्या विमानांचा. आणि त्यांतहि, जमिनीवर लढणाऱ्या शिपायाच्या मदतीस धांवून जाणें हेंच ज्यांचें काम, त्या विमानांचा.

पायदळास शत्रूनें घेरलें असतां, किंवा चढाई करणाऱ्या पायदळापुढें शत्रूचा मोर्चा आडवा आला असतां, त्या मोर्च्यावर विमानांतून मारा करणें यास निकट हवाई साहाय्य म्हणतात. यांतील निकट हा शब्द महत्त्वाचा आहे. शत्रूचा दूरचा पूल किंवा तेलाचा सांठा उडविणें निराळें, आणि आपल्या माणसांपासून कांहींशें पावलांवर असलेल्या खंदकावर नेमका मारा करणें निराळें. पहिल्या कामांत नेम चुकला तर दारूगोळा फुकट जातो. दुसऱ्यांत चुकला तर आपलींच माणसें मरतात. म्हणून या कामावरच्या विमानास खालीं उतरावें लागतें, वैमानिकास आपल्या डोळ्यांनीं पाहावें लागतें, आणि जमिनीवरील कोणी तरी त्यास बिनतारी यंत्रावरून लक्ष्याची खूण सांगावी लागते. विमान वेगवान असेल तर टेकडी ओळखेपर्यंत ती मागें पडते. सावकाश असेल तर टेकडीवरच्या तोफेला तेंच आयतें लक्ष्य होतें. या कामाची सारी अडचण या एका वाक्यांत सांठविलेली आहे.

जुनीं विमानें बहुधा याच कामावर येतात. नवें विमान आकाशांतील झुंजींसाठीं राखून ठेवावयाचें, आणि ज्याचा वेग आतां कमी पडूं लागला त्यास बाँब व अग्निबाण लावून जमिनीवरील माऱ्यास जुंपावयाचें, ही अनेक विमानदलांची रीत आहे. सणाचें धोतर जुनें झालें कीं तें घरांत नेसावयास काढतात, तशांतलाच हा प्रकार. कांहीं विमानें मात्र जमिनीवरील माऱ्यासाठींच जन्मास येतात. नाशिकजवळ ओझर येथील हिंदुस्थान एरॉनॉटिक्सच्या कारखान्यांत बांधलें गेलेलें मिग-२७ हें असें विमान होतें. २७ डिसेंबर २०१९ रोजीं जोधपूर येथें तें निवृत्त झालें. त्याच कारखान्यांत बांधलें गेलेलें मिग-२१, सहा दशकांची सेवा करून, २६ सप्टेंबर २०२५ रोजीं चंदीगड येथें निवृत्त झालें. १९७९ पासून आपल्याकडे असलेलें जग्वार मात्र २०२५ सालींहि कामावर होतें. आणि तें वापरणारें दुसरें विमानदल जगांत तोंवर उरलेलें नव्हतें.

आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या एका वहिनींचा मुलगा खडकवासल्याच्या प्रबोधिनींत दाखल झाला आहे, आणि त्याला वैमानिक व्हावयाचें आहे. एके दिवशीं वर्तमानपत्राची घडी हातांत घेऊन वहिनी आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, यांत लिहिलें आहे कीं हीं विमानें माझ्या लग्नाच्याहि आधींचीं आहेत. माझा मिक्सर दहा वर्षांचा झाला तेव्हां तुम्हीच म्हणालांत, वहिनी, आतां हा बदला, एखादे दिवशीं शॉक बसेल. मग हें कसें चालतें?" प्रश्न सरळ होता, आणि विचारणारीच्या स्वरांत वाद घालण्याची हौस नव्हती. आईनें विचारलेल्या अशा प्रश्नास सनावळीनें उत्तर देणें बरें दिसत नाहीं. तथापि सनावळी पाहिल्यावांचून उत्तरहि सांपडत नाहीं. म्हणून आम्ही त्यांचा प्रश्न आपल्या विमानदलाच्या इतिहासांतील दोन दिवसांशीं ताडून पाहिला.

त्यांतला पहिला दिवस १ सप्टेंबर १९६५ चा. त्या दिवशीं पहाटे पाकिस्तानी सैन्यानें पॅटन रणगाड्यांनिशीं छांबच्या भागांत चढाई केली. अखनूर हातचें गेलें असतें, तर त्या भागांतील आपल्या सैन्याची रसद तुटली असती. संरक्षणमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण. तीनच वर्षांपूर्वीं, १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळीं, आपलीं लढाऊ विमानें तळांवर उभीं राहिलीं आणि पायदळ डोंगरांत एकटें लढलें. त्या आपत्तींतच यशवंतरावांना मुंबईहून दिल्लीस बोलावून घेण्यांत आलें होतें. दुपारीं चारच्या सुमारास सेनापति चौधरी आणि हवाईदलाचे प्रमुख अर्जनसिंग यांनीं विमानें वापरण्याची अनुज्ञा मागितली, आणि यशवंतरावांनीं ती तेथल्या तेथें दिली. सायंकाळीं पठाणकोटच्या तळावरून विमानें उडालीं. त्यांत पहिल्यानें गेलीं तीं ४५ व्या तुकडीचीं व्हॅम्पायर विमानें.

व्हॅम्पायर हें आपल्या विमानदलाचें पहिलें जेट विमान. तें १९४८ सालीं आलें. वैमानिक ज्यांत बसतो त्या भागाची बांधणी लाकडी होती, एवढें सांगितलें म्हणजे त्याच्या काळाची कल्पना येईल. बारा व्हॅम्पायर गेलीं. त्यांतलीं चार परत आलीं नाहींत. वर पाकिस्तानचीं सेबर विमानें टपून होतीं, आणि त्यांच्यापुढें व्हॅम्पायरचा टिकाव लागण्यासारखा नव्हता. भगवागर, जोशी आणि भारद्वाज हे वैमानिक मारले गेले. चौथे पाठक हवाई छत्रीनें उतरून वांचले. खालीं दिवस मावळत होता, रणगाड्यांच्या धुळीनें मुलूख भरला होता, आणि आपले कोण व शत्रूचे कोण हें वरून ओळखणें दुष्कर झालें होतें; आपल्याहि कांहीं वाहनांना त्या माऱ्याची झळ लागली. त्या माऱ्यामुळें शत्रूची घोडदौड मंदावली असें मानणारे जाणते लोक आहेत, आणि शिपायाची हांक आली असतां जें जवळ होतें तें धाडलें यांत दोष देण्याजोगें आम्हांस कांहीं दिसत नाहीं. परंतु त्यानंतर व्हॅम्पायर विमानें आघाडीवरून काढून घेण्यांत आलीं, यावरून त्या संध्याकाळची किंमत विमानदलानें स्वतःच ओळखली होती असें म्हणावें लागतें.

दुसरा दिवस ५ डिसेंबर १९७१ चा. आदल्या रात्रीं राजस्थानच्या वाळवंटांतील लोंगेवाला या ठाण्यावर रणगाड्यांची मोठी फौज चालून आली. ठाण्यांत मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखालीं पंजाब पलटणीचीं शंभर-सव्वाशें माणसें. जैसलमेरच्या तळावर हंटर विमानें होतीं. पण त्यांना रात्रीं लढण्याची सोय नव्हती. विमानें येतील तीं उजाडल्यावर, तोंपर्यंत तग धरला पाहिजे, अशी स्थिति होती. ती रात्र त्या माणसांनीं कशी काढली हें १९९७ च्या 'बॉर्डर' चित्रपटामुळें घरोघर ठाऊक झालेलें आहे. आमच्या विषयाला हवी आहे ती सकाळ. उजाडतांच हंटर आलीं. उघड्या वाळूंत रणगाड्यांना आडोसा नव्हता. त्यांच्या पट्ट्यांच्या खुणा वाळूवर उमटल्या होत्या, आणि त्या खुणांमागें जावें तों पुढें रणगाडा सांपडे. मेजर आत्मासिंग हे कृषक नांवाच्या एका लहानशा पंख्याच्या विमानांतून घिरट्या घालीत हंटरना लक्ष्यें दाखवीत होते. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे शत्रूचें एकहि लढाऊ विमान त्या आकाशांत आलें नाहीं. ती चढाई तेथेंच मोडली.

आतां गणित मांडून पाहूं. व्हॅम्पायर जातीचें विमान पहिल्यानें उडालें १९४३ सालीं. म्हणजे छांबच्या दिवशीं त्या जातीचें वय २२ वर्षें होतें. हंटर पहिल्यानें उडालें १९५१ सालीं. म्हणजे लोंगेवाल्याच्या दिवशीं त्याचें वय २० वर्षें होतें. हंटर हें व्हॅम्पायरपेक्षां सरस विमान होतें हें कोणीहि सांगेल, आणि तें नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु मिग-२१ आपल्याकडे आलेलें असतां १९७१ सालीं हंटरहि जुन्यांतच जमा होत होतें. दोघांचें वय जवळजवळ सारखें. मग एकाच्या वांट्यास तें मरण आणि दुसऱ्याच्या वांट्यास हें यश कां? आमच्या मतें याचें उत्तर विमानाच्या जन्मसालांत पुरतें सांपडत नाहीं. छांबला आकाश परक्याचें होतें, प्रकाश मावळतीचा होता, आणि खालीं आपपर कळत नव्हतें. लोंगेवाल्यास आकाश मोकळें होतें, सूर्य वर येत होता, आणि शत्रु वाळूवर काढलेल्या चित्रासारखा स्पष्ट दिसत होता. जुनें विमान दोन्हीकडे होतें. त्याला काम करतां येईल अशी परिस्थिति एकीकडेच होती.

हा विचार आमच्या पेठेला तरी नवा वाटूं नये. ज्या सदाशिवरावभाऊंचें नांव ती धारण करते, त्यांनीं १७६१ च्या जानेवारींत पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्यावर भिस्त ठेवली होती. तें त्या काळचें नवें शस्त्र. अबदालीपाशीं उंटांवर लादलेल्या जंबुरका होत्या. त्या हलक्या आणि लहान पल्ल्याच्या, पण उंट जाईल तेथें जाणाऱ्या. गारद्यांच्या अवजड तोफा शत्रु दूर होता तोंवर भयंकर ठरल्या. सैन्यें एकमेकांत मिसळल्यावर त्या जागच्या जागीं राहिल्या, आणि जंबुरका मात्र लढाईबरोबर सरकत गेल्या. पानिपतच्या पराभवाचीं कारणें अनेक आहेत, आणि त्यांचा निकाल एका परिच्छेदांत लावण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं जुनें तें सोनें हें जसें अर्धसत्य, तसेंच नवें तें अजिंक्य हेंहि अर्धसत्यच. शस्त्राचें मोल तें ज्याच्या मदतीस जावयाचें त्या माणसापर्यंत वेळेवर पोंचतें कीं नाहीं, यावर ठरतें.

तथापि परिस्थिति बदलते, आणि ती कशी बदलते तें १९९९ सालीं कारगिलला दिसलें. २६ मे रोजीं शिखरांवरील घुसखोरांवर विमानांचा मारा सुरू झाला. दुसऱ्याच दिवशीं एक मिग-२७ इंजिन बंद पडून कोसळलें. त्याच्या वैमानिकाचा शोध घेणारें मिग-२१ क्षेपणास्त्रानें पाडलें गेलें आणि स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांस मरण आलें. २८ तारखेस एक हेलिकॉप्टरहि क्षेपणास्त्राला बळी पडलें व त्यांतील चौघे जण गेले. एका माणसाच्या खांद्यावर मावणाऱ्या नळीनें, खालीं उतरून मारा करण्याची जुनी रीत तीन दिवसांत अशक्य करून टाकली. मग विमानें त्या क्षेपणास्त्रांच्या आटोक्याबाहेर उंच गेलीं. मिराज विमानांनीं लेझर किरणांनीं लक्ष्य दाखविलेले बाँब २४ जून रोजीं टायगर हिलवर टाकले. पण मिग-२१ ला ती सोय नव्हती. त्याच्या वैमानिकांनीं हातांत धरावयाचें जीपीएस यंत्र आणि सेकंद मोजणारें घड्याळ यांच्या आधारें रात्रींहि उंचावरून बाँब टाकण्याची रीत बसविली. स्कूटर कलती करून चालू करणाऱ्या आमच्या शेजाऱ्याचीच ही बुद्धि, पण कितीतरी मोठ्या पणावर लागलेली. शेजाऱ्याची युक्ति फसली तर त्याला स्कूटर ढकलीत टिळक रस्त्यावरून घरीं यावें लागतें. मिग-२१ च्या वैमानिकापुढें खालीं हिमालय होता.

इतर देशांचा अनुभव याहून निराळा नाहीं. अमेरिकेचें ए-१० हें विमान १९७२ सालीं पहिल्यानें उडालें. त्याचा वैमानिक टायटॅनियमच्या जाड कवचांत बसतो, आणि त्याची सात नळ्यांची तोफ रणगाडा फोडते. तेथील विमानदलानें त्यास निवृत्त करण्याचा प्रस्ताव पुनःपुन्हां मांडावा आणि तेथील कायदेमंडळानें तो अडवावा, असें अनेक वर्षें चाललें. कारण अफगाणिस्तानांतील ज्या शिपायांनीं संकटांत त्याचा आवाज ऐकला होता, त्यांना दुसरें विमान नको होतें. परंतु अफगाणिस्तानांत शत्रूपाशीं विमानें नव्हतीं. रशियाचें सुखोई-२५ हें त्याच धाटणीचें, १९७५ सालीं प्रथम उडालेलें विमान. २०२२ पासून युक्रेनच्या युद्धांत तें दोन्ही बाजूंनीं लढलें, आणि दोन्ही बाजूंचीं तीं विमानें पडलीं. जीं उरलीं त्यांना झाडांच्या शेंड्यांलगत येऊन, नाक वर करून, अग्निबाण दुरूनच भिरकावून परत फिरण्याची रीत पत्करावी लागली. ज्या कामासाठीं त्यांचा जन्म, तें जवळून पाहून मारण्याचें काम आतां मोठ्या प्रमाणावर लहान ड्रोन करूं लागले. त्यांच्यांत माणूस बसलेला नसतो, आणि ते पडले तर कोणाच्या घरीं तार जात नाहीं.

येथें आम्ही काटकसरीच्या मूळ प्रश्नाशीं येऊन पोंचतों. जग्वार विमानांचे सुटे भाग मिळेनात, तेव्हां फ्रान्सनें निवृत्त केलेल्या त्याच जातीच्या विमानांचे सांगाडे आपण आणले. जुन्या बाजारांत फेरी मारणाऱ्या आम्हांस ही गोष्ट परकी वाटत नाहीं. यांत शहाणपणहि आहे, कारण नवीं विमानें मागितल्याबरोबर मिळत नाहींत, आणि रिकाम्या तळापेक्षां दुरुस्त केलेलें जुनें विमान बरें. परंतु २०२५ या एकाच वर्षांत मार्च, एप्रिल आणि जुलै महिन्यांत तीन जग्वार कोसळलीं, आणि तीन वैमानिक प्राणांस मुकले. ते अपघात विमानाच्या वयामुळेंच झाले असें आम्ही म्हणत नाहीं. आम्ही म्हणतों तें इतकेंच कीं घरांतील काटकसरीचा त्रास जो काटकसर करतो त्यालाच होतो. राष्ट्राच्या काटकसरीचा त्रास मात्र बहुतेक वेळां वीस-पंचवीस वर्षांच्या दुसऱ्याच कोणाला भोगावा लागतो. हा भेद जी काटकसर विसरते तिला आम्ही सद्गुण म्हणणार नाहीं.

वहिनींना आम्ही जें उत्तर दिलें तें असें: "वहिनी, विमान किती वर्षांचें आहे हा प्रश्न विचारावा, पण तेवढ्यावर थांबूं नये. त्याचें इंजिन व त्याचीं यंत्रें वेळेवर बदललीं कीं नाहीं, त्याच्या वरचें आकाश आपल्या ताब्यांत आहे कीं नाहीं, आणि जेथें माणूस न पाठवितां काम होईल तेथेंहि आपण माणूसच पाठवीत आहों कीं काय, हेहि प्रश्न विचारले पाहिजेत." वहिनींनीं क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "हे प्रश्न कोणी विचारावयाचे? माझा मुलगा तर विचारणार नाहीं. तो हुकूम आला कीं जाईल." आम्हांस यावर अधिक बोलण्यासारखें कांहीं राहिलें नाहीं, कारण त्यांच्या म्हणण्यांत उत्तर होतेंच.

जो हुकूम आला कीं जातो, त्याच्या वतीनें हे प्रश्न विचारण्याचें काम न जाणाऱ्यांचें आहे. वर्तमानपत्र वाचणारे, कर भरणारे, निवडणुकींत मत देणारे, चहाच्या पेल्यावर युद्धनीतीची चर्चा करणारे असे आम्ही जे मागें राहणारे, त्यांनीं संरक्षणाच्या खर्चाचा आंकडा पाहून फुशारून जाऊं नये किंवा कपाळाला आठ्या घालूं नयेत. त्या आंकड्यांतून शिपायाच्या मदतीस काय जाणार आहे आणि त्यांत कोण बसणार आहे, हें पाहावें. डोंगरांत किंवा वाळूंत घेरलेल्या शिपायाला वर येणारें विमान कोणत्या सालचें आहे याची पर्वा नसते. तें यावें, आणि वेळेवर यावें, एवढेंच त्याला हवें असतें. त्या विमानाच्या सालाची पर्वा दुसऱ्या कोणी तरी, शांततेच्या काळांत, आधींच केलेली असली पाहिजे.